शिक्षकांचे आवडीनुसार अभ्यासगट : हजेरीचा कागद द्यावा की नको?

खडूची_पूड

मंडळी, खानदेशातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्याकडे शिक्षकांचं एक मंडळ आहे, संघटना नव्हे. म्हणजे बदल्या, वेतनश्रेणी, मोर्चे हे आमच्याकडे नाही. १४० सभासद आहेत आणि यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. आजवर मंडळानं काय केलं तर निरोप समारंभ, गुणवंतांचे सत्कार, दिनदर्शिका. शाली इतक्या वाटल्या की एकदा त्याच शाली फिरून परत आमच्याकडे आल्या.

या वर्षी कार्यकारिणीत ठरलं की सभासदांचे आवडीप्रमाणे अभ्यासगट करायचे. महिन्यातून एकदा बसायचं, दीड-दोन तास. व्याख्याता नाही, दीपप्रज्वलन नाही. फॉर्म फिरवला तर ६१ जणांनी भरला. तंत्रज्ञान २७, गणित १४, पक्षी आणि झाडं ९, बालसाहित्य वाचन ८ आणि अहिराणी व मुलांची बोली ३.

इथवर सगळं गोड. गाडी अडली ती प्रमाणपत्रावर. अर्ध्या कार्यकारिणीचं म्हणणं असं की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं दर वर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे, तर आपण तासांचं प्रमाणपत्र देऊ, लोक आपसूक येतील. मला ते पटत नाही. त्याच धोरणात तिथेच असंही म्हटलंय की हे शिकणं शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून व्हावं. ते वाक्य कुणी वाचत नाही, ५० चा आकडा तेवढा सगळ्यांना पाठ. प्रमाणपत्र आलं की हजेरीपत्रक आलं, हजेरीपत्रक आलं की सही करून निघून जाणारे आले. मग फोटो, मग अहवाल.

ज्यांनी असे गट चालवलेत किंवा बुडवलेत, त्यांनी लिहा. बुडवलेल्यांनी आधी लिहा.

कोपरगावची_बस

प्रमाणपत्र दिलं तरी येत नाहीत आणि नाही दिलं तरी येत नाहीत. चहाबरोबर काहीतरी तळलेलं ठेवा. स्वानुभव.

निवृत्त_गुरुजी

सचिव महाशय, तुमचा शालींचा किस्सा वाचून हसलो. माझ्याकडे अजून सात आहेत, पाठवू का?

मी १९७९ साली नोकरीला लागलो. तेव्हा दर महिन्याला गटसंमेलन असायचं. ज्या शाळेची पाळी, तिथले गुरुजी नमुना पाठ घ्यायचे. आता गंमत सांगतो. त्या पाठाची तालीम आठ दिवस आधीपासून वर्गात चालायची. कोणता प्रश्न विचारल्यावर कुणी हात वर करायचा हे ठरलेलं. एका शाळेत पाहुणे बसले, गुरुजींनी फळ्यावर लिहायला खडू उचलला आणि पहिल्या बाकावरच्या पोरानं प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकलं! आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण आमच्याही शाळेत हेच होतं. पाठ झाला की दोन जण ‘पाठ प्रभावी झाला’ म्हणायचे, मग जेवण, मग टपाल म्हणजे शाळांचे सरकारी कागद गोळा करणं. खरं संमेलन टपालासाठीच होतं.

नव्वदच्या दशकात आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारं केंद्रप्रमुखाचं पद आलं, केंद्रशाळा ठरल्या, संमेलनाची शिक्षण परिषद झाली. पुष्कळ केंद्रप्रमुखांनी जीव ओतून काम केलं, मी पाहिलंय. पण टपाल काही सुटलं नाही. फक्त कागदाचं मोबाईलवर आलं.

तरी सांगतो, मी त्या संमेलनांत शिकलो. कधी? संध्याकाळी पाचची एसटी यायला सहा वाजायचे. फाट्यावरच्या निंबाखाली आम्ही चार-पाच जण पिशव्या मांडीवर घेऊन बसायचो आणि मग खरं बोलणं निघायचं. ‘माझ्या तिसरीतल्या पोरांना हातचा घेता येत नाही’ हे वाक्य सभागृहात कधी कुणी बोललं नाही, निंबाखाली मात्र सगळे बोलले. तुम्हाला तो निंब उभा करायचा आहे. त्याला प्रमाणपत्र कसं देणार ते तुम्हीच बघा.

वजाबाकीवाल्या_बाई

गुरुजींच्या हातच्यावरून लिहायला बसले, नाहीतर मी इथे नुसती वाचनमात्र असते.

आमचा गणिताचा गट आहे. नऊ जणांनी सुरू केला, आता पाच उरलो आहोत आणि चार वर्षं चाललोय. पहिल्या तीन बैठका वाया गेल्या, कारण प्रत्येक जण आपण वर्गात किती छान केलं तेच सांगत होता. चौथ्या वेळी एकीनं काही न बोलता चौथीच्या मुलांच्या वह्या टेबलावर ठेवल्या. एकच उदाहरण होतं : ४०३ वजा १६८. उत्तर २३५ यायला हवं.

एका वहीत ३६५. दुसरीत १४५. तिसरीत २०५.

आमचं पहिलं मत काय? ‘लक्ष नसतं हो.’ ‘घरी कुणी घेत नाही.’ मग जिनं वह्या आणल्या ती म्हणाली, लक्ष नसतं तर एकाच मुलाची पाचही उदाहरणं एकाच पद्धतीनं कशी चुकली? मग बसलो शोधत. ३६५ वाल्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलं होतं. तीनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून तीन, पाच. शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य, सहा. चारातून एक, तीन. १४५ वालीनं शून्याकडे काही नाही म्हणून दोन्ही वेळा थेट शतकाच्या घरातून उसनं आणलं. चाराचे तीन, तीनाचे दोन. आणि २०५ वाल्यानंही एककासाठी शतकातून उसनं आणलं, पण दशकाच्या घरात त्याचं म्हणणं, शून्यातून काय काढणार, शून्यच राहणार.

तिघंही नियम पाळत होते. नियम त्यांनी स्वतः बनवले होते, एवढंच. त्या दिवशी आम्ही एकमेकींना उदाहरणं घातली आणि उत्तर त्या मुलाच्या पद्धतीनं काढायचं असं ठरवलं. ६०२ वजा ३४७, पहिल्या मुलाच्या पद्धतीनं? ३४५. पंधरा-वीस वर्षं शिकवणाऱ्या आम्ही बायका चुकीचं उत्तर बरोबर यावं म्हणून धडपडत होतो. सहा कधी वाजले कळलं नाही.

पुढच्या महिन्यात काड्यांचे गठ्ठे घेऊन गेलो. दहाचा गठ्ठा, असे दहा गठ्ठे बांधून शंभराचा एक मोठा. ४०३ मध्ये सुटे दशक एकही नाही, मग मोठा गठ्ठा सोडावा लागतो, त्यातून दहा छोटे निघतात, त्यातला एक पुन्हा सोडावा लागतो. आम्ही वर्षानुवर्षं ‘शेजारून उसने घे’ म्हणत होतो. मुलाच्या डोळ्यांसमोर काही सुटतच नव्हतं तर तो काय उसनं घेणार? आणि उसनं म्हटलं की ते परत करायचं असतं, असं एका मुलीनं मला ऐकवलं. तिच्या आईचं दुकान आहे.

तसंच संख्यावाचनाचं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि किती टर उडवली गेली आठवतंय? गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, पण ऐकायला वेळ कुणाला. आमच्या गटानं वाद घातला नाही, पहिली-दुसरीच्या मुलांना फक्त संख्या ऐकून लिहायला लावल्या. ‘एकोणतीस’ला ३९ लिहिणारी, ‘पंचवीस’ला ५२ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत निघाली. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, मूल ऐकतं तसं लिहितं. आमच्यातल्या दोघी तरीही जुन्याच वाचनाच्या बाजूच्या आहेत, आणि त्यांचे मुद्देही वाईट नाहीत. बाजारात कुणी वीस सात म्हणत नाही.

प्रमाणपत्राबद्दल : आम्ही देत नाही. नऊचे पाच झालो ते त्यामुळेच असेल. मला पाच पुरतात.

नोंदवही

सगळं वाचलं. निंब, काड्या, सहा कधी वाजले कळलं नाही. छान आहे. आता माझं ऐका.

सहा वाजलेले माझ्या घरी सगळ्यांना कळतात. दोन लहान मुलं, सासूबाई अंथरुणाला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ‘मी जरा मैत्रिणींबरोबर गणितावर बोलायला जाते’ असं मी घरात सांगितलं तर काय होईल? तेच ‘ट्रेनिंग आहे, पत्र आलंय’ म्हटलं की रिक्षासुद्धा बोलावून मिळते. मुख्याध्यापकांचंही तसंच. तोंडी सांगितलं तर ‘बाई, पोषण आहाराची माहिती राहिलीय’, आणि पत्र दाखवलं तर ‘जा, जा’. त्यात बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, हे सर्वेक्षण, ते सर्वेक्षण.

खडूची_पूड सर, तुम्ही पुरुष आहात असं गृहीत धरते (नसाल तर माफी). तुमच्यासाठी हजेरीपत्रक म्हणजे खोटेपणाची सुरुवात. माझ्यासाठी ते घराबाहेर पडायचं तिकीट आहे. पगारवाढीसाठी नको आहे हो ते.

खडूची_पूड

नोंदवही मॅडम, पुरुषच आहे. आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. थोडा वेळ द्या.

वजाबाकीवाल्या_बाई

जे चार जण गळाले त्यातल्या तीन बाया होत्या आणि तिघींची मुलं लहान. मी आजपर्यंत ‘रस नव्हता’ म्हणत आले. वरची पोस्ट वाचून गप्प बसलेय.

नर्मदाकाठ

मूळची भुसावळची, गेली पुष्कळ वर्षं मध्य प्रदेशात. त्यामुळे इथलं उदाहरण देते, दोन्ही बाजूंना थोडं टोचणारं.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम ऐकून असाल. १९७२ मध्ये जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या १६ शाळांतून सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारी शाळांत घेतलेला. पुढे १९८२ मध्ये एकलव्य संस्था झाली आणि तिनं तो सांभाळला. शिक्षकांच्या मासिक बैठका हा त्याचा कणा होता. त्या सरकारमान्य होत्या, कामाच्या वेळेत धरल्या जायच्या. म्हणजे कागद होता. तरीही त्या बैठकांत लोक भांडायचे, प्रयोग फसला तर ‘फसला’ म्हणायचे.

का? माझ्या मते एकाच कारणानं. तिथे बोललेलं कुठेतरी पोचायचं. एखादा प्रयोग गावच्या शाळेत जमत नाही, असं शिक्षकानं सांगितलं की ते ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत दिसायचं. परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून, म्हणजे पाठांतराचा प्रश्न बाद. मुलांची पत्रं सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला यायची, त्यांना उत्तरं जायची. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे आले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन त्यांनी आकार जोडायला सुरुवात केली ती तिथल्या बाजारात. साहित्य तालुक्याच्या दुकानात मिळालं पाहिजे हा तिथला आग्रहच होता.

२००२ मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं एका आदेशात थांबलं. म्हणून कागदावर फार विसंबूही नका.

तेव्हा प्रमाणपत्राचा प्रश्न दुय्यम. तुमच्या गटात ठरलेलं कुठे जाणार आहे, ते आधी सांगा.

निवृत्त_गुरुजी

नर्मदाकाठ ताई, एकदम मर्मावर बोट ठेवलंत. आमच्या संमेलनातलं फक्त टपाल कुठेतरी जायचं. आपल्याकडे रावेर तालुक्यात खिरोद्यालाही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं सत्तरच्या दशकात ग्रामीण शाळांबरोबर काम केलं होतं. तरुण शिक्षकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं बघतात.

टॅगवाला

इंग्रजीचं सांगतो. राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टनं २०१६ मध्ये ‘तेजस’ सुरू केलं, त्यात प्राथमिकच्या शिक्षकांचे टॅग म्हणजे टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप होते. मी एका टॅगमध्ये होतो. एखादी छोटी चित्रफीत बघायची, त्यावर बोलायचं, आणि उठताना प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची की येत्या महिन्यात मी वर्गात हे करून बघीन. पुढच्या बैठकीची सुरुवात त्यानंच. ‘नाही जमलं’ म्हणायची मुभा होती, ‘वेळच मिळाला नाही’ म्हटलं की सगळे हसायचे.

मी एक गोष्ट ठरवली होती. वर्गात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त इंग्रजीत बोलायचं. तिसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं, सर, तुम्हाला मराठी येत नाही का आता?

आमचा गट नंतर व्हॉट्सॲपवर उरला. आता तिथे रोज सकाळी सूर्योदय होतो, फुलांसकट.

सुगरण

पक्ष्यांच्या ९ जणांसाठी लिहितेय, आमच्याकडेही असा गट आहे. आमच्यावर आरोप असा की ही सहल आहे, शिक्षण नाही. आरोप खराच आहे! आम्ही जाताना अध्ययन निष्पत्ती म्हणजे मुलांना काय यायला हवं त्याची यादी घेऊन जात नाही, दुर्बीण आणि चिवडा घेऊन जातो.

मागच्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरणींची वस्ती बघत होतो. खरं म्हणजे विणतो तो नर, नाव मात्र बाईचं. अर्धवट घरटी लटकवून तो पंख फडफडवत बोलावतो, मादी येऊन आत-बाहेर बघून जाते, पसंत पडलं तरच पुढचं बांधकाम. आमच्यातले एक सर म्हणाले, बरं झालं माझ्या लग्नात ही पद्धत नव्हती.

वाऱ्यानं पडलेलं एक घरटं मी शाळेत नेलं. पोरांनी आत बोट घातलं तर आतल्या बाजूला चिखलाचे गोळे चिकटवलेले. ‘बाई, चिखल कशाला?’ मला नाही आलं. गटात विचारलं, कुणालाच येईना. घरटं वाऱ्यानं हलू नये म्हणून वजन, असं एकाचं मत. अंधारात काजवे चिकटवायला, असं गावातल्या आजोबांचं. पोरांनी मग दोन रिकामे पुठ्ठ्याचे डबे दोरीनं टांगले, एकात ओला चिखल थापला आणि पंखा लावला. आता याला सहल म्हणायचं की पाठ, ते अहवाल लिहिणाऱ्यांनी ठरवावं. मी त्या दिवशी पाठ्यपुस्तकाला हात लावला नाही एवढं खरं.

कोपरगावची_बस

डब्यांचं काय झालं??

सुगरण

चिखलवाला कमी हलला. पण एका मुलीनं सांगितलं की पंखा त्या डब्यापासून लांब होता. पुन्हा करायचंय.

जुनी_पेठ

अवांतर : तंत्रज्ञानवाल्या २७ जणांचं काय? तिथे अर्ध्यांना एआयकडून टाचण लिहून घ्यायचंय आणि अर्ध्यांना शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव दुरुस्त करायचंय. त्यांना एका खोलीत बसवलंत तर पहिल्या दिवशी प्रिंटर आणि दुसऱ्या दिवशी गट बंद पडेल. ‘तंत्रज्ञान’ ही आवड नाही, ती भीती आहे. प्रत्येकाला एकेक काम विचारा : तुला नेमकं काय करता यायला हवंय?

खडूची_पूड

तीन आठवड्यांनी लिहितोय. मध्ये बरंच झालं.

नोंदवही मॅडमचं म्हणणं कार्यकारिणीत वाचून दाखवलं. ठरलं असं : मंडळाच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या नावे पत्र जाईल, तारीख-वेळ-ठिकाणासह. आलेल्याला उपस्थितीचं पत्रही मिळेल, पण त्यावर तास नाहीत आणि ते मिळणार बैठक संपल्यावर. बैठक शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तीनच्या आत सगळे मोकळे. मुलं बरोबर आणायची असतील तर आणा, शेजारच्या वर्गात चित्रकलेचे एक सर बसतील. एका ज्येष्ठ सभासदांना ही ‘पाळणाघराची भानगड’ आवडलेली नाही. त्यांनी तसं इतिवृत्तात नोंदवायला लावलंय. नोंदवलं.

नर्मदाकाठ ताईंच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता एवढंच केलंय की दिनदर्शिकेच्या पानांमागे यंदा जाहिरातींऐवजी गटांत सापडलेलं छापायचं. दिनदर्शिका १४० घरांत आणि सगळ्या शाळांत लागतेच.

गणिताच्या १४ पैकी ७ आले. ४०३ वजा १६८ आमच्या मुलांना घातलं होतं, ३६५ आमच्याकडेही निघाले, ढिगानं. एका सरांनी स्वतःच्या मुलीची वही आणली होती. त्यातही ३६५.

पण मला सांगायचंय ते तीन जणांच्या गटाबद्दल. बोलीचा गट मी रद्दच करणार होतो. तिघांपैकी एक मॅडम साताऱ्याकडून बदलून आल्यात. त्यांच्या पहिलीतल्या मुलानं पाटीवर लिहिलं होतं, ‘मी आठे ऱ्हास’. मॅडमनी त्याला विचारलं, आठ काय? किती जण राहता? पोरगं रडकुंडीला आलं. तिघांतल्या दुसऱ्या बाई इथल्याच. त्या हसून म्हणाल्या, मॅडम, आठे म्हणजे इथे. तो म्हणतोय मी इथे राहतो. आधी मॅडमनी त्या ‘आठे’वर लाल रेघ मारली होती. आता तिघं मिळून पहिलीच्या मुलांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवतायत. आठे, तठे, आंडेर... दीडशेच्या वर गेलेत. बाहेरून बदलून येणाऱ्या शिक्षकाला पहिल्या दिवशी ती वही द्यायची असं चाललंय.

तंत्रज्ञानाचं जुनी_पेठ म्हणाले तसं करतोय. २७ जणांना विचारलं तर १९ जणांनी एकच काम लिहिलं : मोबाईलमधले फोटो भरले आहेत, ते काढायचे कसे.

नोंदवही

पत्र इथे टाकता का सर? मजकूर जसाच्या तसा. आमच्या तालुक्यात चालवून बघते. आणि ‘कृपया उपस्थित राहण्याची परवानगी द्यावी’ असं लिहू नका, ‘उपस्थित राहण्यास कळवावे’ लिहा. परवानगी मागितली की नाही म्हणता येतं.

खडूची_पूड

टाकतो रात्री. ते वाक्य बदललंय.

निवृत्त_गुरुजी

त्या शब्दांच्या वहीसाठी माझ्याकडे शंभरेक शब्द आहेत, भिल्ली वस्तीवरच्या शाळेत होतो तेव्हाचे. जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवले होते, अक्षर लागत नाही आता. कुणी येऊन उतरवून घेणार असेल तर सांगा. चहा आणि शाल दोन्ही मिळेल.